सॅनिटरी इन्स्पेक्टर: चाळकऱ्यांचा वाली की नुसता नोटीशीचा धनी?

धागाकर्ता: जुन्या मुंबईतल्या प्लेगचा विषय निघाला की सगळे मुनशिपाल्टीच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरला झोडपून मोकळे होतात. मला हे पटत नाही. 1896 ला मांडवीत प्लेग निघाला, 1898 मध्ये दाटीची वस्ती पाडून नवी बांधायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, मोठमोठे साहेब आले. पण नाकाला रुमाल लावून हाउसगल्लीत, म्हणजे चाळींमधल्या घाणीच्या बोळात, शिरायचा तो हाच. मोरी तुंबलीय, संडासाची टोपली भरून वाहतेय, एका खोलीत तीन बिऱ्हाडं कोंबलीत, हे कागदावर आणलं कोणी?

दादरकर: घरात घुसून बायकामाणसांची अब्रू काढणारे हेच ना? पुण्यात रँड उगाच मेला का?

धागाकर्ता: गल्लत होतेय. पुण्यात 1897 ला झडत्या घेतल्या त्या गोऱ्या सोल्जरांनी. मी बोलतोय तो त्यानंतरची वीस वर्षं वॉर्डात पायपीट करणारा पगारी माणूस.

नळावरची_रांग: पायपीट मान्य. पुढे काय? घरावर 'यू. एच. एच.' रंगवायचे, म्हणजे माणसांनी राहायला नालायक. मग तिथलं बिऱ्हाड जायचं कुठे? शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीत. ट्रस्टने नागपाड्यापासून पाडायचा सपाटा लावला, त्या मानाने बांधलं कमी. इन्स्पेक्टरने रोगी खोली शोधली आणि रोग पुढच्या चाळीत पाठवला.

ओळंबा: मी बांधकामातला, म्हणून थोडं विषयांतर. ट्रस्टचे चेअरमन ऑर यांचा 63½ अंशांचा नियम भारी होता. खोलीच्या खिडकीसमोर जितकी मोकळी जागा, तिच्या साधारण दुप्पट उंचीपर्यंतच समोरची भिंत चढवायची, म्हणजे तळमजल्यावरही उजेड पोचतो. आजचे टॉवर या हिशेबात बसवून बघा, हसू येईल. पण जुन्या चाळीत हा कोन आणायचा तर अख्खी इमारतच छाटावी लागणार. इन्स्पेक्टर काय करणार? चुना मारायला लावणार, झरोका पाडायला लावणार.

नळावरची_रांग: तेच म्हणतेय. मालकाला हात लावायची टाप नव्हती. कॉर्पोरेशनवर घरमालकांचं वजन, आणि दहा रुपये भाडं भरणाऱ्याला मत मिळालं ते 1922 ला. चाळकऱ्याची तक्रार ऐकणार कोण?

धागाकर्ता: मग दोष कायद्याचा. माणसाला का शिव्या?

सातवी_खोली: आमच्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगते. इन्स्पेक्टरने मालकाला झरोका पाडायला लावला. महिन्याभरात मालकाने भाडं चार आण्यांनी वाढवलं, 'उजेडाचे' म्हणून. वर थंडीत वारा थेट बाळंतिणीच्या अंगावर. मग काय, गोणपाट कोंबलं.

धागाकर्ता: आणि पुढच्या तपासणीला?

सातवी_खोली: खालून पोरं ओरडायची, 'आला रे!' गोणपाट काढायचं. तो जिना उतरला की परत कोंबायचं.