सगळीकडे डीएमए लावायचा अट्टहास कशाला?

सोल्डरबाबा
काल इथे एकाने ठणकावलं : "बाइटमागे इंटरप्ट घेणारे अजून ८०५१ च्या जमान्यात आहेत. यूआर्टला डीएमए लावता येत नसेल तर एम्बेडेड सोडा." तिथे उत्तर लिहायला बसलो ते लांबलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी : यूआर्ट म्हणजे तारेवरून डेटा घेणारं-देणारं सिरियल पोर्ट. इंटरप्ट म्हणजे बाइट आला की प्रोसेसरला हातातलं काम थांबवून बोलावणं. डीएमए म्हणजे प्रोसेसरला न उठवता डेटा थेट मेमरीत टाकणारं हार्डवेअर. आणि ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर.

११५२०० बॉड म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट. ७२ मेगाहर्ट्झच्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरला दर बाइटमागे ६२५० सायकल मिळतात. त्यातल्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरला इंटरप्टमध्ये शिरायला १२ लागतात, बाइट उचलून रिंग बफरात (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरायची मेमरीतली जागा) टाकायला आणखी काही डझन. बाकीचे सहा हजार पडूनच आहेत की! वर मेसेज कमीजास्त लांबीचा असला की डीएमए अर्धा बफर भरेस्तोवर गप्प. मग लाइन शांत झाली की येणारा आयडल लाइनचा इंटरप्ट जोडा. म्हणजे फिरून तिथेच.

रामभरोसे
तो "एक" मीच, नाव घ्या की. हिशोब बरोबर आहे, पण एकाच यूआर्टचा. माझ्या बोर्डावर चार आहेत, शिवाय एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा) सेकंदाला पाच लाख सॅम्पल देतो. दर सॅम्पलला १४४ सायकल. घ्या तिथे इंटरप्ट, आणि उरलेल्यात बाकीचं काम करून दाखवा.

सोल्डरबाबा
एडीसीला डीएमए नको असं मी कुठे म्हटलं? तुमचं वाक्य यूआर्टबद्दल होतं. वर आहे, वाचा.

काटेकोर
दोघंबी एकदा साखर कारखान्याच्या काट्यावर येऊन बसा राव. आमचा वजन दाखवणारा इंडिकेटर ९६०० बॉडने वजन सारखं फेकत राहतो, त्याला थांब म्हणायची सोय नाही. पलीकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तो आपल्या चालीने करकरत पावती काढणार. मधल्या बोर्डाचा जुना प्रोग्रॅम प्रिंटर बिझी दिसला की तिथेच लूपमध्ये उभा. इकडे मिलिसेकंदाला एक बाइट येतोय आणि उचलायला कोण नाही. एका रात्री अडीच वाजता १८५४० किलोच्या जागी पावतीवर १८५४ छापून आलं. मागे ट्रॅक्टरांची रांग. त्या शेतकऱ्याला ओव्हररन फ्लॅग (बाइट हुकल्याची खूण) म्हणजे काय ते सांगा बघू! "काटा मारता काय" म्हणून माझी कॉलर धरली त्यानं.

शेवटी २५६ बाइटचा रिंग बफर घातला. इंडेक्स आठ बिटांचा, २५५ नंतर आपोआप शून्यावर येतो. भरायचं काम इंटरप्टकडं, प्रिंटर बसू दे निवांत. तीन हंगाम झाले. डीएमए बिएमए काही नाही.

रामभरोसे
तुमचा घोळ इंटरप्टचाही नाही आणि डीएमएचाही नाही. फ्रेमची, म्हणजे अख्ख्या मेसेजची, लांबी न तपासता छापलंतच कसं? चूक पकडणारा चेकसम नव्हता?

काटेकोर
चेकसम इंडिकेटरच पाठवत नाही, मी काय घरून आणू? लांबी तपासायला पाहिजे होती, मान्य. कॉलर मात्र तुमची नव्हती.

दोनफ्लॉप
तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं आपलं बफर, बफर! येणारं सरासरीनेच जास्त असेल तर टाकी कितीही मोठी बांधा, वाहणारच. बफर फक्त लाट पचवतो. आणि दोन्ही बाजूंचे क्लॉक वेगळे असले की खरी मजा. बफरातली जागा सांगणारा साधा बायनरी पॉइंटर ७ वरून ८ वर जाताना चार बिट एकदम पालटतात, पलीकडच्याने नेमकं तेव्हाच वाचलं तर भलताच आकडा हाती. म्हणून ग्रे कोड, एका वेळी एकच बिट बदलतो. हे मला नोकरीत कळलं, कॉलेजात नाही.

मधलीसुट्टी
कॉलेजचं नाव काढलंत, आता ऐका. आम्ही ८२५७ या डीएमए आयसीच्या चाळीस पिना तोंडपाठ केल्या, आयसी एकदाही हातात घेतला नाही. व्हायव्हाला विचारलं, डीएमए चालू असताना प्रोसेसर काय करतो? मी म्हटलं, कॅशमधून (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) काम चालू ठेवतो. "चूक! होल्डमध्ये जातो. बसा." आठ मार्क गेले.

सोल्डरबाबा
८०८५ प्रोसेसरला कॅश कुठाय हो? बस, म्हणजे मेमरीकडचा रस्ता, डीएमएला दिली की बसलाच तो. सर बरोबर होते.

मधलीसुट्टी
प्रश्नात ८०८५ चं नाव नव्हतं!

सोल्डरबाबा
विषयाचं नाव काय होतं मग?

मधलीसुट्टी
तुम्ही प्राध्यापक आहात का? बोलण्यावरून वाटतंच आहे.

दोनफ्लॉप
व्हायव्हा पुन्हा घेऊ, आधी भांडण मिटवा.

रामभरोसे
कॅशवरून आठवलं, आणि हे सांगायला मला अजिबात आनंद होत नाहीये. एसटीएम३२ एच७ वर डीएमएने डेटा रॅममध्ये बरोबर ठेवला होता, प्रोसेसर मात्र कॅशमधला शिळा वाचत बसला. दोन आठवडे मी वायरी बदलत होतो. त्याआधी बफर डीटीसीएम या प्रोसेसरच्या खास रॅममध्ये ठेवलेला, तिथे डीएमए१ पोचतच नाही. त्यात आणखी एक आठवडा.

सोल्डरबाबा
तीन आठवडे! तेवढ्यात माझ्यासारख्या ८०५१ च्या जमान्यातल्या माणसाने...

रामभरोसे
हो, कळलं. ९६०० बॉडला इंटरप्ट चालतो. लिहून दिलं, फ्रेम करून लावा. चार यूआर्टला मी डीएमएच लावणार.

काटेकोर
तुमचं मिटलं असेल तर माझं बघा. औंदा कारखाना थर्मल प्रिंटर घेतोय, तो यूएसबीवाला आहे. आमच्या बोर्डाला यूएसबी नाही. आता बोला.