अल्बममधली चिखलात कललेली बोट 'रामदास' आहे का? जुन्या फोटोंबद्दल मदत हवी आहे

चेंदणीचा_नातू

नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला राहतो, चेंदणी कोळीवाड्याला लागूनच. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीये म्हणून माळा रिकामा करत होतो तर आजोबांची पत्र्याची पेटी निघाली आणि त्यात काळ्या पानांचा एक अल्बम. आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते, त्यामुळे घरच्यांचे फोटो मोजके आणि बोटींचेच जास्त. बरेचसे ओळखता येतात, तीन मात्र अडलेत.

पहिला : एक छोटी आगबोट, एकच धुराडं, दोन डोलकाठ्या, चिखलात एका अंगावर कललेली. आजूबाजूला गुडघाभर चिखलात उभी माणसं आणि शेजारी दोन पडाव (मालाच्या शिडाच्या होड्या). खाली कोणीतरी नंतर बॉलपेनने 'रामदास' लिहिलंय, आजोबांचं अक्षर ते नाही.
दुसरा : ओळीने लावलेले रेतीचे पडाव आणि मागे दगडी कमानींचा रेल्वेचा पूल, हा आपला कळव्याकडचाच वाटतो.
तिसरा : गोदामाच्या छपरावर चक्क जहाजाचा मागचा भाग चढून बसलाय!! हा खरा फोटो आहे की काही जोडकाम आहे तेच कळत नाही.

आमचे एक काका म्हणतायत की पहिला फोटो 17 जुलैला पेपरला द्यायचा, 1947 ला बुडालेल्या 'रामदास' बोटीचा दुर्मिळ फोटो म्हणून. मला खात्री वाटत नाही, आणि एकदा छापून आलं की मग ते तसंच फिरत राहणार. जाणकारांनी सांगा. आणि स्कॅन कसं करायचं तेही सांगा, फोटो गोंदाने चिकटवलेत, एक काढायला गेलो तर कोपरा तुटायला लागला म्हणून हात लावणं बंद केलंय.

मुलुंडचा_मोहन

काकांना आधी थांबवा प्लीज. रामदास गेली 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली आणि काश्याच्या खडकाजवळ वादळी समुद्रात कलंडून काही मिनिटांत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. भर समुद्रात, भर पावसाळ्यात. ती खाडीच्या चिखलात शांतपणे टेकलेली नव्हती आणि तिच्याभोवती माणसं उभी राहून फोटो काढून घेत नव्हती. अपघाताचा फोटो म्हणून तर हा शक्यच नाही. बुडायच्या आधी कधीतरी काढलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण रामदास 1936 साली स्वान हंटरने इंग्लंडमध्ये बांधलेली, पावणेदोनशे फुटांच्या वर लांब, हजार उतारू घेणारी बोट होती. तुमच्या फोटोतली तुम्हीच 'छोटी' म्हणताय. माणसांच्या उंचीवरून लांबीचा अंदाज घेऊन बघा, बोटीच्या अगदी जवळ उभा असलेला माणूस धरा म्हणजे फार चुकणार नाही.

दर वर्षी जुलैत रामदासच्या नावाने भलतेच फोटो फिरतात, मागे तर चार धुराड्यांचं परदेशी जहाज आलं होतं आमच्या ग्रुपवर. मला याचा खरंच त्रास होतो कारण आमच्या आजीचा सख्खा भाऊ त्या बोटीवर होता, परत आला नाही. घरात त्याचा एकही फोटो नाही. तिथे कुठल्यातरी दुसऱ्याच बोटीचं चित्र 'रामदास' म्हणून दाखवलं तर कसं वाटेल सांगा. आणि जयंती, तुकाराम या बोटी तर कोणाला आठवतही नाहीत, दोन्ही एकाच दिवशी गेल्या, 11 नोव्हेंबर 1927.

दिवाळे_बेलापूर

मी कोळी माणूस, दिवाळे गावचा, मला तुमच्या वर्णनावरून हा अपघातच वाटत नाहीये. आमच्याकडे होडी साफ करायची तर उधाणाच्या भरतीला ती जेवढी वर नेता येईल तेवढी न्यायची, पाणी उतरलं की ती आपसूक एका अंगावर बसते, मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गवताचा जाळ फिरवायचा, पूर्वी चुना आणि चरबी फासायचे आता रंग मारतात, आणि पुढच्या भरतीला उलटी कुस. हे सगळं भरती परत यायच्या आत उरकायचं म्हणून घरातली सगळी माणसं लागतात. छोट्या लाँचीपण अशाच बसवायचे, प्रत्येकाला गोदीत नेऊन सुकी करायला पैसे कोणाकडे असायचे. आपल्या खाडीत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो पाण्यात, त्यामुळे हे जमतं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा, नाही जमत.

तर फोटोत बघा, बोटीच्या खालच्या अंगाला लाकडी टेकू आहेत का? माणसांच्या हातात काय आहे? उघडा पडलेला तळ अर्धा काळा अर्धा पांढुरका दिसतो का? टेकू असतील तर ती मुद्दाम बसवलेली आहे. रुतलेल्या बोटीला कोण टेकू लावत नाही, तिला दोर लावून ओढतात.

दुसऱ्या फोटोतले पडाव मात्र नीट जपा हो. आमचे बाबा रेतीच्या पडावावर होते, डुबी मारून तळातून बादलीने रेती काढायची आणि शिडावर नाहीतर बांबूने रेटत बंदराला आणायची, भरतीबरोबर वर ओहोटीबरोबर खाली. पुढे सक्शन पंप आले, बार्ज आले, पडाव कुजून गेले. त्या माणसांचे फोटो कोणी काढलेच नाहीत. बुडालेल्या जहाजाचा फोटो सगळे काढतात. 2010 च्या ऑगस्टमध्ये चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, तेल थेट खारफुटीत आलं, तेव्हा कललेल्या चित्राचा फोटो घराघरात पोचला, पण काळ्या चिखलात होड्या धुणाऱ्या आमच्या बायकांचे फोटो ज्या मोबाइलमध्ये होते ते मोबाइलच आता नाहीत. पंधरा-सोळा वर्षांत ही गत, तुमचे तर आजोबांच्या काळचे.

गोदी_ते_घणसोली

तिसऱ्या फोटोबद्दल. जोडकाम नाही, असं खरंच झालेलं. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकत्र भरलेली. दुपारी कापसाला आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारी उभं असलेलं जलपद्म नावाचं जहाज उचललं जाऊन त्याचा मागचा भाग शेडवर जाऊन पडला, तोच प्रसिद्ध फोटो बहुतेक तुमच्याकडे आहे. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले त्यात, म्हणून 14 एप्रिल अग्निशमन सेवा दिन असतो.

आता महत्त्वाचं. युद्धाचा काळ, सेन्सॉर कडक, गोदीत कॅमेरा घेऊन फिरणं सोपं नव्हतं. त्यामुळे तुमच्याकडची प्रत नंतर मिळवलेली आहे का आजोबांनी किंवा त्यांच्या सहकाऱ्याने काढलेली आहे हे बघायला हवं. प्रसिद्ध फोटो नेटवर मिळतो, तो शेजारी ठेवा आणि कोन, धुराची जागा, माणसं जुळतायत का पाहा. सगळं हुबेहूब जुळलं तर कॉपी. थोडा जरी कोन वेगळा असला तर ती फार मोलाची वस्तू आहे.

पुलाचा फोटो : ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे 1854 ला गेली, पुलाच्या कमानी त्या काळच्या, म्हणून नुसत्या कमानींवरून काळ ठरत नाही. रुळांच्या वर विजेचे खांब आणि तारा दिसतात का बघा. 1930 पर्यंत पुण्याला जाणाऱ्या लाइनवर वीज आली होती, तारा नसतील तर फोटो त्याच्या आधीचा.

स्कॅनिंग : चिकटलेले फोटो अजिबात सोलू नका, ब्लेड नको, पाण्याची वाफ तर मुळीच नको. अख्खं पान तसंच स्कॅन करा, कमीत कमी 600 डीपीआय, टिफ फाइलमध्ये एक मूळ प्रत ठेवा आणि तिच्यावर कुठलंही एडिटिंग करू नका. पानावरचं लिखाणही आलं पाहिजे, तो 'रामदास'सुद्धा खोडू नका. लॅमिनेशन करू नका, आमच्या नात्यातल्या एकांनी एका स्टुडिओत सगळे करून घेतले आणि दोन पावसाळ्यांत आतून पिवळे पडले. नवीन माहिती मऊ पेन्सिलने वेगळ्या कागदावर लिहा, कोणी सांगितली आणि कधी तेही.

बोटीचं नाव मिळालं तर लॉइड्स रजिस्टरचे (जहाजांची छापील नोंदवही) 1930 ते 1945 चे खंड नेटवर फुकट बघता येतात, पण शंभर टनांच्या खालच्या बोटी त्यात सहसा मिळत नाहीत हे लक्षात ठेवा.

चेंदणीचा_नातू

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग घेऊन बसलो होतो. दिवाळेकर दादा, टेकू आहेत! डाव्या अंगाला तीन तरी स्पष्ट दिसतात आणि एका माणसाच्या हातात खुरप्यासारखं काहीतरी आहे, दुसऱ्याजवळ बादली. मागच्या बाजूला नावाची जागा पडावाच्या शिडाने झाकली गेलीये पण त्याखाली इंग्रजी अक्षरांत शेवटचं 'बे' वाचता येतं. पुलावर तारा नाहीत.

मोहन, काकांशी बोललो. आधी चिडले, मग तुमच्या आजीच्या भावाबद्दल वाचून दाखवलं तर गप्प झाले आणि म्हणाले पेपरला नको. ते 'रामदास' त्यांनीच लिहिलं होतं शाळेत असताना, कारण आजोबा रामदासबद्दल खूप बोलायचे म्हणे.

गोदी_ते_घणसोली

'बे' म्हणजे बॉम्बे, नोंदणीचं बंदर, मागच्या बाजूला नावाखाली तेच लिहितात. म्हणजे बोट इथलीच. धुराड्यावर पट्टे आहेत का, किती आणि फिकट की गडद, ते सांगा, कंपनी त्याच्यावरून ओळखू येते. आणि काकांना विचारा आजोबा रामदासबद्दल नक्की काय सांगायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, याच आठवड्यात.

दिवाळे_बेलापूर

पडावांचा स्कॅन झाला की इथे टाका. बाबा 80 च्या पुढे आहेत पण नजर चांगली आहे, पडाव कोणत्या बंदराचे ते नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) वळणावरून सांगतील, तांडेल (पडावाचा प्रमुख) कोणी ओळखीचा निघाला तर तेही कळेल. रविवारी मी ठाण्याला येणारच आहे, चालत असेल तर त्यांना घेऊनच येतो.