समुद्र गार केला तर वादळ मरतं का?

सुपारीवाला
निसर्ग वादळात (३ जून २०२०) श्रीवर्धनची आमची अर्धी वाडी आडवी झाली. नव्याने लावलेल्या सुपारीला अजून धड पीक नाही. परवा भाचा म्हणाला, "मामा, समुद्राचं पाणी गार केलं की वादळाचा जोर जातो. खोलातलं थंड पाणी पंपाने वर काढायचं, बस्स." यात तथ्य किती, आणि व्हॉट्सॲप विद्यापीठ किती?

दर्यादप्तर
पहिलं वाक्य सोळा आणे खरं. वादळ जगतं ते समुद्रावरून उठणाऱ्या वाफेवर, आणि त्यासाठी पाणी साधारण २६ अंशांच्या वर लागतं. गंमत अशी की पाणी गार करायचं काम वादळ स्वतःच करतं.

नोकरीत असताना संशोधन जहाजावरून तापमापक यंत्र तारेला बांधून खाली सोडायचो. मे महिन्यात अरबी समुद्रात पडद्यावरची तापमानाची रेघ वरचे वीस-तीस मीटर तिशीच्या आसपास सरळ उभी असायची, मग एकदम डावीकडे कलंडायची. शंभर मीटरवर पाणी चांगलं पाच-सहा अंशांनी गार. वादळी वारा वरचा थर ढकलतो, तो खालच्या थरावर घासतो आणि खालचा गारवा वर मिसळतो. पृष्ठभाग थंड होतो तो मुख्यतः या घुसळणीने. वाफेतून जाणाऱ्या उष्णतेचा वाटा त्यामानाने थोडा. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला हा परिणाम जास्त, कारण तिथे वारा आणि त्याने ढकललेलं पाणी एकाच दिशेने वळत जातात.

आता वादळ घुटमळलं की संपलं. २००० साली दक्षिण चीन समुद्रात काइ-ताक जवळपास एका जागी रेंगाळलं, तिथलं पाणी नऊ अंशांनी उतरलं. उलट २०१३ चं हैयान: गरम पाणी खोलवर आणि वादळ धावतं. खालचं गार पाणी वर यायच्या आत ते पुढे गेलेलं. म्हणून वाहिन्यांवर लाल नकाशा दाखवून "समुद्र ३१ अंशांवर!" असं ओरडतात ना, ते मला अर्धवट वाटतं. २६ अंशांचं पाणी किती खोलीपर्यंत आहे ते सांगा की! हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडे ही माहिती असते.

हुगळीकाठ
बंगालच्या उपसागरात आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं. त्याच्या खालचं पाणी खारं, पण बरंच गरम. म्हणजे वादळाने घुसळलं तरी वर येतं ते गरमच! म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरची वादळं तिथला समुद्र मे महिन्यातल्यांपेक्षा कमी गार करतात.

भाट्येकर
२०१९ च्या ऐन दिवाळीत आमच्या रत्नागिरीसमोर क्यार वादळ होतं, मागोमाग महा आलं. महा गुजरातजवळ पोचेस्तोवर पार लुळं पडलं. क्यारने समुद्र गार करून ठेवला होता म्हणूनच ना?

दर्यादप्तर
हातभार असेल, सगळं श्रेय नाही. कोरडी हवा आत शिरली होती आणि वरचे वारे वेगळ्या दिशेने वाहत होते, त्यानेही वादळ मोडतं. आदल्या वादळाच्या गार पट्ट्यात सापडून पुढचं मंदावल्याचं ठळक उदाहरण अटलांटिकमधलं: १९९८ साली बॉनीच्या मागून आलेलं डॅनियल.

सुपारीवाला
आणि पंपांचं?

दर्यादप्तर
मायामी विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०२२ मध्ये हे संगणकावर करून पाहिलं. २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडाच लहान तुकडा, २ अंशांनी गार केला. पाणी किती? २१,००० घनकिलोमीटर. एवढं करून वादळाचा जोर घटला सुमारे १५ टक्के. शिवाय वादळ नेमकं त्याच तुकड्यावरून जायला हवं. निसर्गचं बघा: १ जूनला कमी दाबाचा पट्टा ठळक झाला, ३ तारखेला ते तुमच्या दारात. एवढ्या वेळात पंप कुठे लावणार?

सुपारीवाला
आकडे भाच्याला पाठवले. तो म्हणतोय, पंप सोलरवर चालवू.

हुगळीकाठ
वादळाच्या ढगाखाली सोलर 😄