आजीचं उटणं रोज चेहऱ्याला लावावं का?

वैदेही_नाशिक

दिवाळी जवळ आली की उटण्याचा विषय निघतो आणि त्यासोबत घरातल्या मोठ्यांचा ठरलेला सल्ला: "साबण कशाला? रोज डाळीचं पीठ आणि हळद लावा, आम्ही जन्मभर तेच केलं." माझ्या मते हा सल्ला आपल्यापर्यंत अर्धाच पोचलाय. मूळ रीत अशी: आधी अंगाला कोमट तिळाचं तेल, ते मुरायला अर्धा-पाऊण तास, मग उटणं, मग कोमट पाणी. तेलाचा थर आधी असल्यामुळे पीठ तेल आणि मळ धरून निघतं, कातडीला खरवडत नाही.

आता "चेहरा तेलकट होतो" म्हणून तेल गाळलं जातं आणि नुसत्या ओल्या चेहऱ्यावर पीठ चोळलं जातं. गिरणीतून आणलेलं डाळीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळलं तरी रवाळ राहतं. गालाची कातडी हातापायांपेक्षा पातळ. रोज दोन-दोन मिनिटं चोळत राहिलं की वरचा थर दुखावतो आणि मग साधं क्रीम लावलं तरी चुरचुरतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला सततच्या घर्षणाने काळपटपणा येतो, आधी गालफडांवर आणि मानेवर दिसतो. लोकांना वाटतं ऊन लागलं, म्हणून आणखी जोरात चोळतात!

म्हणून माझं म्हणणं: उटणं अंगाला, थंडीत, आठवड्यातून एकदा, तेलानंतर. चेहऱ्याला रोज अजिबात नको.

काष्ठौषधी_सातारा

वैदेहीताई, असहमत. दोष पिठाचा नाही, ते नीट न करण्याचा आहे. घरी करायचं तर हे प्रमाण घ्या: मसूर डाळ 200 ग्रॅम, नागरमोथा 50, कपूरकाचरी 50, आंबेहळद 40, वाळा 25, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या 25. सगळं कडकडीत वाळलेलं हवं. वाळा आणि नागरमोथा आधी कातरून घ्या, नाहीतर मिक्सरमध्ये नुसते धागे होतात. दळून झाल्यावर वस्त्रगाळ करा, म्हणजे दुहेरी मलमलीतून. चाळणीवर थांबू नका. चिमूटभर घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा. जराही खर लागली तर पुन्हा गाळा. अर्धा किलो वस्त्रगाळ करायला तास-दीड तास जातो, म्हणून बाजारात असं उटणं मिळत नाही.

आणि चेहऱ्याला ते चोळायचं नसतंच. एक चमचा उटणं, दोन चमचे सायीसकट दूध, पातळ लेप. चार-पाच मिनिटांनी, सुकायच्या आत, ओल्या हाताने ढिला करून धुवायचा. पूर्ण सुकून ताणला गेलेला लेप ओरबाडून काढतात, नुकसान तिथे होतं. मुलतानी मातीचंही तेच.

उलट साबणाच्या वडीचा पीएच 9 ते 10 असतो आणि निरोगी कातडीचा 5 च्या आसपास. रोज वडीने तोंड धुण्यापेक्षा असा लेप कोरड्या कातडीला कितीतरी सौम्य.

निरामय_पुणे

वडीबद्दल बरोबर. पण पर्याय पीठच असं थोडंच आहे? बिनसाबणाचे, 5.5 पीएचचे सौम्य क्लेन्झर आता औषधाच्या दुकानात सहज मिळतात आणि तुमचा तो तास-दीड तास वाचतो.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. बाजारच्या पुष्कळ उटण्यांत बावची (एका औषधी झुडपाच्या बिया) असते. तिच्यात सोरॅलेन असतं. कोडाच्या उपचारात हेच द्रव्य लावून मोजून-मापून अतिनील किरण देतात, कारण ते कातडीला उन्हासाठी हळवी करतं. पहाटे अभ्यंगस्नान, बावचीचं उटणं नीट धुतलं न जाणं आणि मग दिवसभर उन्हात फिरणं: दोन दिवसांनी लालसर चट्टे, कधी फोड, आणि मागे राहणारे तपकिरी डाग. लिंबू चोळून उन्हात जाण्याने हाच प्रकार होतो. त्याच्या सालीत त्याच जातीची द्रव्यं असतात आणि रसाचा पीएच 2 च्या जवळपास, म्हणजे आंबटपणाची जळजळ वेगळी. पाकिटावर घटक वाचा. "बाकुची" असंही लिहिलेलं असतं.

काष्ठौषधी_सातारा

माझ्या प्रमाणात बावची नाही, कारण ती रोजच्या वापराची वस्तूच नव्हे. पण मग बाकुचिओलचं सीरम महाग बाटलीत लोक रोज लावतात ते कसं चालतं? तेही बावचीचंच ना?

निरामय_पुणे

बावचीचंच, पण चांगल्या दर्जाचं बाकुचिओल सोरॅलेन काढून टाकून शुद्ध केलेलं असतं. बियांच्या भुकटीत दोन्ही एकत्र येतात, आणि घरच्या मिक्सरमध्ये ती वेगळी करता येत नाहीत.

हळकुंड

हळदीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. स्वयंपाकाची हळद चेहऱ्याला लावू नका. तिचा पिवळेपणा दोन दिवस जात नाही आणि तो घालवायला लोक पुन्हा घासतात. शिवाय सुट्या हळद पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) किंवा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग मिसळल्याची प्रकरणं देशभर सापडली आहेत. शिसं पोटात जाणं जास्त घातक, पण ओठांजवळ लावलेला लेपही पोटात जातोच. लेपासाठी आंबेहळद किंवा कस्तुरी हळद घ्या, तीही अख्खी आणून घरी कुटा. रंग कमी लागतो. एका लेपाला पाव चमच्याहून कमी पुरते.

हळदीने रंग उजळतो हे मात्र आजीने सांगितलं तरी मान्य करू नका. लेपानंतर दिसणारी चमक तेलाची आणि पिवळ्या छटेची असते.

रत्नांग्री_ठाणे

सगळे चेहऱ्यावर भांडताय! आज्यांचं शहाणपण पायांत जास्त आहे. टाचेच्या भेगांना भिरंडेलाच्या, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाच्या, तोडीचं काही नाही, आणि इथे कुणाचाही आक्षेप टिकेल असं मला वाटत नाही.

रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून निवली की मुठीत वळतात. खोबरेल 24-25 अंशांना पातळ होतं, भिरंडेल 40 च्या जवळपास. म्हणून ते टाचेवर टिकून राहतं, घामाबरोबर वाहून जात नाही आणि लवकर खवटही होत नाही. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा, थोडी ओल असतानाच पळीत वितळवून कोमट केलेलं भिरंडेल भेगेत भरा, वर सुती मोजे घालून झोपा. आठवडाभर रोज. टाचेची जाड कड आधी वजरीने हलकेच घासून घ्या, नाहीतर तेल वरच राहतं. पूर्वी कडकडीत गरम थेंब सोडायचे, ते नको. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असेल तर गरम काहीच लावू नका, आणि भेगेतून रक्त येत असेल तर डॉक्टर गाठा.

आणखी एक. कोकणातल्या आजीचा सल्ला नागपूरच्या डिसेंबरात जसाच्या तसा चालत नाही. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी आमच्या दमट हवेत छान. कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन कातडीतलंच पाणी ओढतं. तिथे एक भाग ग्लिसरीनला तीन-चार भाग गुलाबपाणी घ्यावं, ओल्या चेहऱ्यावर लावावं आणि वर तेलाचं बोट फिरवावं.

वैदेही_नाशिक

भिरंडेलाला माझा पाठिंबा. "वर तेलाचं बोट" मात्र मुरुमं असलेल्या चेहऱ्याला नको. खोबरेल छिद्रं बुजवतं. कपाळावर एकसारखे, खाजणारे बारीक पुरळ असतील तर ती बऱ्याचदा बुरशी असते, आणि पुष्कळशी तेलं तिचं खाद्य आहेत. केसांना चपचपीत तेल लावून झोपणाऱ्या मुलींच्या कपाळाच्या कडेलाच पुरळ का येतं ते पाहा.

अण्णा_पदर_आणि_टोपी

मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या आज्यांनी कधी सनस्क्रीन लावलं नाही. डोक्यावर पदर आणि दुपारी सावली, एवढंच होतं. या उन्हाच्या ट्यूबा कंपन्यांनी गळी उतरवल्या आहेत. पुण्यातल्या मुली दुचाकीवर स्कार्फ बांधतात ते पुरेसं आहे.

निरामय_पुणे

अण्णा, दुपारी सावली ज्यांच्या नशिबी होती त्यांचं ठीक. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायकांच्या गालांवरचं वांग आठवा, ते उन्हानेच गडद होतं. पदर आणि स्कार्फ उत्तमच, पण कापड घट्ट विणीचं हवं. उजेडाकडे धरून आरपार दिसत असेल तर तेवढं ऊनही आत येतं. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए; खिडकीची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते, त्यामुळे खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. वांगासाठी तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्यावं लागतं, कारण नुसता दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो.

सनस्क्रीन "काम करत नाही" म्हणतात ते बहुतेक वाटाण्याएवढं लावतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. निम्मं लावलं तर पाकिटावरचा एसपीएफचा (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा) आकडा खरा राहत नाही. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतो, 50 जेमतेम 98. मोठ्या आकड्यामागे पैसे घालण्यापेक्षा उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

अण्णा_पदर_आणि_टोपी

या हिशोबाने एका वेळेला एक-सव्वा ग्रॅम. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी चाळीस-पन्नास दिवसांत संपणार, दोनदा लावली तर महिनाभरही नाही. चार माणसांच्या घराला दर महिन्याला हे परवडतं का ते सांगा. मी टोपी, छत्री आणि जाड सुती ओढणीच आधी सांगेन. उघडा राहतो तेवढ्याच भागाला ट्यूब लावा.

फार्मसी_सोलापूर

अण्णांचा हिशोब बरोबर आहे, आणि पैसे वाचवायला लोक कुठे वळतात ते दुकानात दिसतं. उटणं की फेसवॉश हे भांडण चालू असताना त्याहून घातक वस्तू घराघरांत आहे: "गोरं करणारी" मिश्र मलमं. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल वाचलंत तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा खरंच साफ दिसतो, म्हणून बहीण बहिणीला, शेजारीण शेजारणीला सांगते. पुढे कातडी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसतात, नको तिथे लव वाढते, मुरुमं येतात आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. 2018 मध्ये अशी मलमं शेड्यूल एचमध्ये आणली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मागितली जातात. महिनोन् महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञ हळूहळू सोडवतात.

घटक न छापलेल्या बिननावाच्या डबीतल्या क्रीममध्ये पारा असू शकतो, आणि पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते. आजीचं पीठ निदान तेवढं तरी करत नाही.

हळकुंड

मग तान्ह्या बाळाला पीठ चोळतात त्याचं काय? लव जावी म्हणून मालिशवाल्या बाई डाळीच्या पिठाचा गोळा फिरवतात. ती लव पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळते. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा नाजूक, पीठ मानेच्या घड्यांत अडकून ओल धरतं आणि तिथे पुरळ येतं.

काष्ठौषधी_सातारा

बाळाला पीठ नकोच, यावर माझा वाद नाही. तेल मात्र सोडू नका. खोबरेल चालेल, मोहरीचं नको, ते कातडीला झोंबतं. आंघोळीआधी हलक्या हाताने लावा, घड्या सुती कापडाने टिपा. चेहऱ्याच्या लेपावर मी ठाम आहे: वस्त्रगाळ, दुधात, सुकायच्या आत धुतलेला. नवं उटणं आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा, खाज किंवा लाली आली तर ते उटणं तुमचं नाही.

वैदेही_नाशिक

कोपरावर दोन दिवसांत काही न होणं आणि गालावर सहा महिने रोज लावणं यात फरक आहे. चाचणीत ॲलर्जी दिसते, घर्षण दिसत नाही. आठवड्यातून एकदा असा लेप मला मान्य. रोज नाही.