दगड चमकतोय म्हणून गॅमा ओढू नकोस

भावा, तुझ्या ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) मधल्या अंबाबाईच्या देवळाच्या सीनमधला काळा दगड तेल चोपडल्यागत चमकतोय, म्हणून वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी गॅमा (मधल्या छटांचा उजेड) ओढायला सांगितलंय. तसलं काही करू नकोस. रफनेसच्या (खडबडीतपणा ठरवणाऱ्या) इमेज नोडवर कलर स्पेस एसआरजीबी (रंगाच्या इमेजसाठीची सेटिंग) राहिलंय का बघ. तिथं नॉन-कलर पाहिजे, म्हणजे आकडे जसेच्या तसे वाचले जातात. नाहीतर इमेजमधला (० ते २५५ पैकी) १२८ चा मधला करडा ०.५ ऐवजी ०.२२ च्या आसपास वाचला जातो आणि खडबडीत दगड गुळगुळीत होतो. नॉर्मल मॅपलाही (दगडाचा उंचसखलपणा दाखवणारी इमेज) तेच. बेस कलर (दगडाचा मूळ रंग) मात्र एसआरजीबीच ठेव.

शिखरावरचा भगवा फिका पडतोय, ते दुखणं वेगळं. ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग स्क्रीनवर कसे दिसतील ते ठरवणारी सेटिंग) एजीएक्स डीफॉल्ट आहे. उजळ, भडक रंग ते मुद्दाम सौम्य करतं. सपाट टूडी कामाला मला तरी स्टँडर्डच बरं वाटतं.