प्रतिसाद: इंजिन बंद करणं पुरेसं नाही

'लाल दिव्याला इंजिन बंद केलं की काम झालं, सिग्नलच्या वेळा बदलून काय मिळणार?' असं इंधन वाचवण्यासाठी इंदूरमधल्या सिग्नलच्या वेळा एकमेकांशी जुळवण्याच्या चर्चेत म्हटलं गेलंय. इंजिन बंद करावंच, पण नुकसान फक्त उभं राहण्यात नसून थांबून पुन्हा वेग घेण्यातही मोठं आहे. हिशोब करून बघा. एक टन वजनाची कार 40 किमी वेगाला आणायला साधारण 62 किलोज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता 20-25 टक्के धरली तर 8-9 मिली पेट्रोल झालं. तेवढंच पेट्रोल 40-45 सेकंद इंजिन नुसतं चालू ठेवण्यात जातं. ब्रेक दाबला की ही सगळी कमाई उष्णता होऊन उडून जाते. 12 टनांची सिटी बस असेल तर ऊर्जा बारापट!

म्हणून इंदूरच्या एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) एलआयजी, पलासिया, गीता भवन या चौराह्यांचे सिग्नल एकमेकांशी जुळवलेच पाहिजेत, म्हणजे एका हिरव्यावर सुटलेल्या गाडीला पुढेही हिरवाच मिळेल. 36 किमी वेग म्हणजे सेकंदाला 10 मीटर. चौराहे 500 मीटरवर असतील तर पुढचा हिरवा 50 सेकंदांनी लागायला हवा. उलट दिशेचं काय, हा प्रश्न येतोच. दोन्ही सिग्नलांचं चक्र (एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ) 100 सेकंदांचं ठेवलं तर येणाऱ्यांनाही हिरवा मिळतो, कारण जाऊन-येऊन बरोबर 100 सेकंद होतात. अंतरं इतकी सोयीची क्वचितच असतात, तिथे सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेला झुकतं माप द्यावं लागतं. आणि चक्र सगळीकडे एकाच लांबीचं (किंवा निम्मं) हवं, नाहीतर काही फेऱ्यांत सगळी जुळवणी सुटते.