दोष वागण्याचा की परिस्थितीचा?

देहविक्रय करणाऱ्या बायका, सुईने नशा करणारे अशा काही गटांत एचआयव्ही जास्त, म्हणजे दोष त्यांच्या वागण्याचाच, असं म्हटलं जातं; हे मला अजिबात पटत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार बाधिताची सुई वापरून नशा केल्यास १०,००० वेळांमागे साधारण ६३ वेळा लागण होते. बाधित पुरुषाशी योनिसंभोगात स्त्रीसाठी हा आकडा ८ च्या आसपास आहे. त्यात जोडीदारांचं वर्तुळ लहान आणि आधीच बाधित जास्त असले, तर वागणं तेच असूनही धोका कैक पटींनी वाढतो.

आता जरा जवळून बघा. झडतीत सापडलेले कंडोम पोलीस पुरावा म्हणून जप्त करतात तिथे देहविक्रय करणारी बाई ते जवळ ठेवायलाच घाबरते. सुई सापडली की अटक, मग आडोशाला घाईघाईत एकच सुई चौघांत फिरते. हे बेफिकिरीतून होत नाही हो, भीतीतून होतं.

औषधं नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून तो पसरत नाही. पण त्यासाठी माणूस आधी तपासणीला यायला हवा, आणि जिथे सगळ्यांसमोर नाव पुकारून चौकशी होते तिथे तो दुसऱ्यांदा फिरकत नाही.